नेच्याचं एक शीट, २,०२६ तुकडे

मॅडमच्या संग्रहातलं नेच्याचं, म्हणजे फर्नचं, एक शीट होतं. जाड कागदावर दोऱ्याच्या टाक्यांनी बसवलेली दोन वाळलेली पानं, एक सुलटं आणि एक मुद्दाम उलटं लावलेलं. खाली उजव्या कोपऱ्यात शाईनं लिहिलेलं लेबल आणि लेबलाखाली पेन्सिलीतला एक पुसट आकडा. हे शीट मला वेबपेजवर ठेवायचं होतं. नुसतं चित्र म्हणून नव्हे. उलट्या पानावर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा असतात. बघणाऱ्यानं त्यातल्या एका ठिपक्याजवळ जावं, आणखी जवळ जावं, आणि ठिपका म्हणजे बारीक दाण्यांचा पुंजका आहे हे त्याचं त्याला दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. हे दाणे म्हणजे बीजाणुधान्या, बीजाणूंनी भरलेल्या इवल्या पिशव्या. नेच्याला ना फूल ना बी, त्याचा सगळा वंश या दाण्यांतून पुढे जातो. मॅडमनी आम्हाला हे भिंगाखाली दाखवलं होतं आणि त्या दिवशी वर्गात मागे कुणी बोलत नव्हतं, हे मला अजून आठवतं.

भिंगातून बघताना जे होतं ते पेजवर व्हावं, हा हट्ट मी शेवटपर्यंत सोडला नाही. पुढचे बरेचसे निर्णय त्यातूनच झाले.

शीट २८ सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर उंच. एका फोटोत हवा तेवढा बारकावा येणं शक्यच नव्हतं. कॅमेरा स्टँडला खाली तोंड करून लावला आणि शीट इंचाइंचानं सरकवत चार उभ्या रांगांमध्ये नऊ-नऊ असे ३६ फोटो काढले. शेजारच्या दोन फोटोंत सुमारे एक तृतीयांश भाग सामाईक राहील असं बघितलं. ते हगिन या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जोडले. हगिन मुळात एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवत काढलेल्या फोटोंसाठी आहे. इथे कॅमेरा फिरलेला नाही, शीट सरकलेलं आहे, हे त्याला वेगळं सांगावं लागतं. ते सांगेपर्यंत माझा नेचा मधोमध फुगलेला येत होता. शेवटी जुळून आलेलं चित्र १६,००० पिक्सेल रुंद आणि २४,००० पिक्सेल उंच होतं, म्हणजे दर मिलिमीटरला ५७ पिक्सेल. पाव मिलिमीटरची बीजाणुधानी त्यात साधारण १४ पिक्सेलची दिसते. पुरेसं होतं.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच केला. चित्र १,६०० पिक्सेल रुंदीचं केलं आणि पेजवर टाकलं. पेज झटकन उघडलं, नेचा सुरेख दिसला आणि ठिपके ठिपकेच राहिले. दहापट लहान केल्यावर १४ पिक्सेलचा दाणा दीड पिक्सेलसुद्धा उरत नाही. मग पूर्ण चित्र जेपेग करून टाकून बघितलं. लॅपटॉपचा पंखा सुरू झाला, फोनवर पेज उघडलंच नाही. कारण सरळ आहे. जेपेग डिस्कवर कितीही लहान असो, दाखवण्यासाठी ब्राउझरला ते उलगडावं लागतं आणि उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेल चार बाइट घेतो. ३८ कोटी ४० लाख पिक्सेल गुणिले चार, म्हणजे दीड जीबी मेमरी, एका चित्राला. आणि साध्या स्क्रीनवर एका वेळी दिसतात साधारण वीस-पंचवीस लाख पिक्सेल. बाकी सगळं न बघताच वाहून आणायचं.

यावर उपाय काय असतो हे मला माहीत होतं, कारण मी रेम्ब्रांचं ‘नाइट वॉच’ बघितलं होतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०२२ मध्ये त्या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१,७०० कोटी पिक्सेलची, प्रतिमा खुली केली. ८,४३९ फोटो जोडून केलेली, आणि तरीही ती साध्या ब्राउझरमध्ये उघडते. रंगाच्या थरातली तडा गेलेली रेघ दिसेपर्यंत आत जाता येतं. माझं चित्र त्यापुढे कणभर. पण युक्ती तीच लागणार होती.

ती युक्ती म्हणजे पिरॅमिड. मूळ चित्राची निम्म्या मापाची प्रत करायची, तिची पुन्हा निम्मी, आणि असं करत शेवटी एका पिक्सेलपर्यंत उतरायचं. माझ्या चित्राच्या अशा १६ पायऱ्या झाल्या. सगळ्यात वर एका पिक्सेलची शून्यावी पायरी, सगळ्यात खाली पूर्ण आकाराची पंधरावी. मग प्रत्येक पायरीचे चौकोनी तुकडे पाडायचे. बघणारा लांबून बघत असेल तर वरच्या छोट्या पायरीचे दोन-चार तुकडे त्याच्याकडे पाठवायचे. तो जवळ गेला की खालच्या पायरीतले फक्त त्याच्या नजरेसमोरचे तुकडे. नकाशांच्या साइटवर आपण रोज हेच वापरतो. इतक्या प्रती ठेवायच्या म्हणजे जागा किती लागेल अशी मला धास्ती होती, पण हिशोब दिलासा देणारा निघाला. प्रत्येक पायरी आधीच्या एक चतुर्थांश क्षेत्रफळाची, त्यामुळे सगळ्या मिळून मूळ चित्राच्या वर जेमतेम एक तृतीयांश भर पडते.

तुकडे पाडायला लिबव्हिप्स हे चित्रांवर काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर वापरलं. त्यात डीझेडसेव्ह नावाची आज्ञा आहे. चित्राचं नाव द्या, बाहेर काय नाव हवं ते द्या, काम झालं. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या चित्राची १.१५ जीबीची टिफ फाइल उघडायलाच वेळ जायचा. लिबव्हिप्स चित्र पूर्ण मेमरीत न घेता पट्ट्यापट्ट्यांनी वाचतं, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवरही ते कुरकुर न करता पार पडलं. हातात आली एक छोटी वर्णनाची फाइल, चित्राची लांबीरुंदी आणि तुकड्याचं माप सांगणारी, आणि एक फोल्डर. फोल्डरमध्ये ० ते १५ अशा नावांचे उपफोल्डर आणि प्रत्येकात रकाना आणि ओळ यांच्या क्रमांकांनी नाव दिलेले तुकडे. या मांडणीला डीप झूम म्हणतात. मायक्रोसॉफ्टनं ती आणली. वर्णनाच्या फाइलीत आजही त्यांचा २००८ चा पत्ता असतो. तुकडा कुठला हे त्याच्या नावावरूनच कळतं, म्हणून मागे कुठलाही खास सर्व्हर चालवावा लागत नाही. साध्या फाइली ठेवायला जागा असली की पुरे. मला हे फार आवडलं. आज ठेवलेलं शीट दहा वर्षांनी कुणी देखभाल केली नाही तरी उघडावं, असं मला वाटत होतं.

आयआयआयएफ या पद्धतीचाही विचार केला होता. तिथे चित्राच्या पत्त्यातच कुठला भाग, किती मापाचा, किती अंशांत फिरवलेला आणि कुठल्या प्रकारात हवा हे सांगता येतं, आणि ग्रंथालयं, संग्रहालयं ती वापरतात. वेगवेगळ्या संस्थांमधली दोन शीटं शेजारी ठेवून ताडून बघायची असतील तर तीच बरी. माझं एकच शीट होतं. मी डीप झूमवर थांबले.

पेजवर चित्र दाखवायला ओपनसीड्रॅगन घेतलं. ही मुक्त परवान्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे, म्हणजे पेजला जोडता येणारा तयार कोड. पेजवर एक रिकामी चौकट ठेवायची, तिला नाव द्यायचं, आणि या नावाच्या चौकटीत या फोल्डरमधलं चित्र दाखव असं सांगायचं. लिहायला पाच-सहा ओळी लागल्या आणि पेज उघडलं तर काहीच दिसलं नाही.

काहीच न दिसणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट, असं मी आता खात्रीनं म्हणेन. चूक कुठलीही असो, समोर रिकामी जागाच येते. माझ्याकडे एकामागून एक चार कारणं निघाली. पहिलं, चौकटीला उंचीच दिलेली नव्हती. रिकाम्या चौकटीची उंची शून्य असते आणि व्ह्यूअर, म्हणजे चित्र दाखवणारा भाग, त्या शून्यात इमानदारीनं चित्र काढत होता. उंची दिली, चौकट दिसली, आत पांढरं. दुसरं, मी पेज फोल्डरमधून थेट डबल क्लिक करून उघडत होते. अशा पेजला ब्राउझर शेजारची वर्णनाची फाइल वाचू देत नाही, सुरक्षेसाठी. पायथॉनमध्ये एका ओळीत चालू होणारा छोटा सर्व्हर असतो, तो लावला आणि माझ्या मशिनवर नेचा पहिल्यांदा दिसला.

तिसरं कारण खऱ्या सर्व्हरवर गेल्यावर कळलं. वर्णनाच्या फाइलीच्या नावाचं शेपूट, टिंबानंतरची अक्षरं, त्या सर्व्हरच्या ओळखीचं नव्हतं, त्यामुळे फाइल असूनही तो नाही म्हणायचा. ही माहिती म्हणजे चार-पाच आकडे. ते थेट पेजवरच्या कोडमध्ये लिहिले तरी ओपनसीड्रॅगनला चालतं, म्हणून मी तसं केलं. आणि लिहिताना चौथी चूक केली. तुकड्यांचा प्रकार मी तीन अक्षरी ‘जेपीजी’ लिहिला. लिबव्हिप्सनं तुकड्यांना चार अक्षरी ‘जेपीईजी’ शेपूट दिलं होतं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडला तेव्हा लाल ओळींची रांग होती, प्रत्येक तुकडा ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही. एका अक्षराचा फरक. हे काम करणाऱ्यानं तो टॅब पहिल्यापासून उघडा ठेवावा. मी तो अर्धा दिवस उशिरा उघडला.

तुकडे वर चढवणं ही वेगळीच लढाई होती. लिबव्हिप्स स्वतःहून २५४ पिक्सेलचे तुकडे पाडतं. माझ्या चित्राचे झाले ८,०४२. मोठी एक फाइल चढवणं सोपं. हजारो बारक्या फाइली चढवताना प्रत्येकीसाठी नव्यानं बोलणी करावी लागतात आणि रात्रभर लावून ठेवलेलं काम पहाटे कधीतरी मधेच तुटलं. सकाळी पेज उघडलं तर चित्र दिसत होतं, पण जवळ गेल्यावर काही चौकोन धुरकट. तुकडा मिळाला नाही की ओपनसीड्रॅगन वरच्या पायरीतला तेवढा भाग ताणून दाखवतं. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. मला मात्र नेमके कुठले तुकडे राहिले हे शोधत बसावं लागलं. शेवटी दोन गोष्टी बदलल्या. तुकड्याचं माप ५१२ केलं, संख्या ८,०४२ वरून २,०२६ वर आली. आणि सगळं फोल्डर झिप करून एकच फाइल चढवली, मग सर्व्हरवर सोडवली. पाच मिनिटांत झालं.

मोठ्या तुकड्यांचा तोटा हा की थोडंसं सरकलं तरी एकेक मोठा तुकडा आणावा लागतो. पण ५०० बाय ७५० ची पायरी दोन तुकड्यांत बसते, त्यामुळे पहिलं दर्शन लवकर होतं. सौदा वाईट नव्हता.

तुकडे पुन्हा पाडताना मी आणखी एक सुधारणा करायला गेले. शेजारचे तुकडे एकमेकांवर एक पिक्सेल चढलेले असतात. मला ती उधळपट्टी वाटली, म्हणून तो आकडा शून्य केला. पूर्ण झूमवर काही फरक पडला नाही. अधल्यामधल्या झूमवर मात्र पानाच्या शिरांना छेदून जाणाऱ्या केसासारख्या पुसट रेघा दिसायला लागल्या, पार कागदाच्या कडेपर्यंत, जाळीसारख्या. तुकडा लहानमोठा करून काढताना कडेच्या पिक्सेलला शेजाऱ्याचा रंग माहीत असावा लागतो. तो नसला की सांधा उघडा पडतो. नेच्याच्या पानावर शिरा हीच ओळखीची खूण असते. तिथे खोट्या रेघा म्हणजे चुकीची माहितीच. एक पिक्सेल परत दिला.

आता मॅडमना दाखवायची वेळ आली. त्यांना लिंक पाठवली आणि फोनची वाट बघत बसले. फोन आला.

“अगं, पेज खाली सरकतच नाहीये.”

“मॅडम, चित्राच्या वर-खाली बोट ठेवून बघा ना.”

“वर-खाली जागाच कुठे आहे? सगळीकडे नेचाच आहे. आणि लॅपटॉपवर तर खाली जायला चाक फिरवलं की नेचाच अंगावर येतो.”

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मी व्ह्यूअर लॅपटॉपवर तपासला होता, तोही नेच्यात गुंग होऊन. पेज वाचत खाली जाणारा माणूस चित्रावर आला की माउसचं चाक त्याला खाली नेण्याऐवजी नेच्यात खोल नेत होतं. फोनवर त्याहून वाईट. व्ह्यूअर बोटाच्या सगळ्या हालचाली स्वतःकडे घेतो, तसं घेतल्याशिवाय त्याला चित्र सरकवताच येणार नाही. मी तो स्क्रीनभर उंच केला होता. म्हणजे वाचणारा आत शिरला की बाहेर पडायला बोट ठेवायला जागा नाही. खाली मी कष्टानं लिहिलेलं सगळं वर्णन होतं आणि तिथे कुणी पोचूच शकत नव्हतं.

चाकानं झूम होणं बंद करायला एक ओळ पुरते. पण मग लॅपटॉपवर जवळ जाण्याची सगळ्यात सहज वाट बंद होते. फोनवर दोन बोटांनी सरकवा असा नियम करता येतो. पण मग लोक एका बोटानं ओढत राहतात आणि चित्र बंद पडलंय असं समजतात. मी हे तीन-चार प्रकारे करून बघितलं, दर वेळी मॅडमना त्रास दिला आणि अखेर वेगळ्याच वाटेनं गेले. पेजवर आता सुरुवातीला व्ह्यूअर नसतोच. नेच्याचं एक साधं, स्थिर चित्र असतं आणि त्यावर ‘जवळून पाहा’ असं बटण. दाबलं की त्याच जागी व्ह्यूअर सुरू होतो, चाक आणि बोटं त्याच्या ताब्यात जातात आणि कोपऱ्यात मोठं ‘बंद करा’ येतं. एस्केप दाबूनही बाहेर पडता येतं. वाचणाऱ्यानं स्वतः आत जायचं ठरवलेलं असतं, त्यामुळे कुणी फसत नाही. शिवाय ज्याला नुसतं वाचायचंय त्याच्या माथी लायब्ररी आणि तुकडे मारले जात नाहीत, आणि जावास्क्रिप्ट बंद असलं तरी निदान चित्र दिसतं. असं काही लावणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रकार सुचवेन.

बटणांचं थोडक्यात सांगते. झूमची आणि पूर्ववत करण्याची बटणं म्हणजे लायब्ररीसोबत येणारी छोटी चित्रं. ती कुठल्या फोल्डरमध्ये आहेत हे सांगितलं नाही तर दिसत नाहीत. मी माझी स्वतःची मराठी नावांची बटणं बांधली. कोपऱ्यातला छोटा नकाशा लॅपटॉपवर ठेवला, फोनवर काढला.

कळफलक मात्र नीट बघायला हवा. बाणांच्या कळांनी चित्र सरकतं, अधिक-उणेनं जवळ-लांब होतं, शून्यानं मूळ जागी येतं. ज्यांना माउस धरता येत नाही त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे. पण आर दाबलं तर चित्र फिरतं आणि एफ दाबलं तर आरशातल्यासारखं उलटं होतं. मॅडमच्या हातून एफ दाबलं गेलं आणि लेबलावरची अक्षरं उलटी झाली. त्यांना वाटलं मी फोटोच उलटा जोडलाय. वनस्पतीच्या नमुन्याला डावं-उजवं असतं. न कळता ते बदलणं मला मान्य नव्हतं. त्या दोन कळा बंद केल्या. आणि व्ह्यूअरमधलं चित्र स्क्रीन रीडरला, म्हणजे न दिसणाऱ्यांना पेज वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, दिसत नाही, म्हणून दोन्ही पानांचं, ठिपक्यांच्या रांगांचं, लेबलावरच्या मजकुराचं वर्णन शब्दांत खाली लिहिलं. ते लिहिताना मीच शीट पुन्हा नीट बघितलं.

सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना मॅडमचा दुसरा फोन आला. “हा रंग माझ्या नेच्याचा नाही.”

मी म्हटलं, वाळलेला आहे, कॅमेऱ्यात थोडा फरक येणारच. त्या म्हणाल्या, “वाळलेलाच म्हणतेय मी. वाळल्यावरही तो असा मातकट होत नाही. त्यात हिरवट झाक असते.” शीटच्या बाजूला मी रंगपट्टी ठेवून फोटो काढले होते. मूळ टिफ आणि पेज शेजारी ठेवून ती पट्टी बघितली तेव्हा त्यांचं म्हणणं डोळ्यांनी पटलं. पेजवरचा हिरवा चौकोन फिका होता. झालं होतं असं की फोटो ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत होते आणि हे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी प्रोफाइल टिफमध्ये जोडलेली होती. तुकडे पाडताना ती प्रोफाइल गळाली. हजारो तुकड्यांत तीच माहिती पुन्हापुन्हा भरू नये म्हणून ती काढली जाते आणि ते योग्यच आहे. पण प्रोफाइल नसलेलं चित्र ब्राउझर एसआरजीबी, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीतलं, समजून वाचतो. आकडे तेच, वाचन वेगळं, हिरवा फिका. उपाय हा की तुकडे पाडायच्या आधीच पूर्ण चित्र एसआरजीबीमध्ये रूपांतरित करायचं. लिबव्हिप्समध्येच त्याची सोय आहे.

जेपेगचा दर्जाही त्याच वेळी ७५ वरून ९० केला. ७५ वर पेन्सिलीच्या आकड्याभोवती करडी धूळ दिसायची आणि पानाच्या देठावरची बारीक लव एकमेकीत मिसळायची. फोल्डर फुगलं, पण तो पुसट आकडा वाचता यायलाच हवा होता. मॅडमच्या नोंदवहीतली नोंद त्याच आकड्यावरून सापडते.

नवे तुकडे त्याच फोल्डरमध्ये जुन्यांच्या जागी टाकले, पेज उघडलं आणि क्षणभर माझा श्वास अडकला. पानाचा वरचा भाग मातकट, खालचा हिरवट, मधे जिन्यासारखी सरळ कड. तुकडे कधी बदलणार नाहीत म्हणून मी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं की ब्राउझरनं ते वर्षभर जपून ठेवावेत. ज्या भागावर मी आधी रेंगाळले होते तिथले जुने तुकडे माझ्याच ब्राउझरनं जपून ठेवले होते. माझ्या मशिनवरून ते पुसता आले असते, पण ज्यांनी ज्यांनी पेज बघितलं त्यांच्याकडचे कसे पुसणार? नव्या तुकड्यांना नव्या नावाचं फोल्डर दिलं, पेजवरचा पत्ता बदलला. तेव्हापासून फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो आणि जुन्या फोल्डरला मी हात लावत नाही.

उरलं होतं ते खुणांचं काम. बीजाणुपुंज (म्हणजे तो तपकिरी ठिपका), दोऱ्याचा टाका, लेबलाखालचा आकडा, अशा सात ठिकाणी छोट्या खुणा लावायच्या होत्या. पहिल्यांदा लावल्या तेव्हा सगळ्या जागच्या वर सरकलेल्या. जितकी खूण खाली तितकी चूक मोठी, पार तळाच्या लेबलाची खूण वरून दोन तृतीयांश अंतरावर जाऊन बसली होती. ओपनसीड्रॅगन चित्राची रुंदी १ धरतं आणि उंचीही त्याच रुंदीच्या मापात मोजतं. माझ्या उभ्या शीटची उंची म्हणून १.५ होते. मी मात्र उभं अंतर उंचीनं भागत होते. चित्रातल्या पिक्सेलवरून हे माप काढून देणारी सोय लायब्ररीत आहेच, ती वापरली आणि खुणा जागेवर आल्या.

मोजपट्टीशिवाय नमुना दाखवू नये, असं मला वाटतं. झूम करणाऱ्याला आपण किती लहान गोष्ट बघतोय याचं भान लगेच सुटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निस्टनं, ओपनसीड्रॅगनसाठी स्केलबारची जोड बनवली आहे. तिला एका मीटरमागे किती पिक्सेल एवढंच सांगायचं. माझा आकडा ५७,१४३. आता झूम करत गेलं की कोपऱ्यातली पट्टी सेंटिमीटरवरून मिलिमीटरवर येते. आणि झूमला मर्यादा घातली. चित्रातला एक पिक्सेल स्क्रीनच्या दोन पिक्सेलपेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही. त्यापुढे नवं काही दिसत नाही, फक्त काहीतरी दिसेल अशी आशा लागते.

शेवटची भर मॅडमच्या सांगण्यावरून पडली. त्यांना विद्यार्थ्यांना नेमका एक ठिपका दाखवायचा होता. “डावीकडून तिसरी पर्णिका, खालून दुसरा” असं फोनवर किती सांगणार? म्हणून बघणारा जिथे असेल तिथली जागा आणि झूम पेजच्या पत्त्यातच लिहिली जाईल असं केलं. पत्ता कॉपी करून पाठवला की समोरच्याचा व्ह्यूअर त्याच जागी उघडतो.

त्याच संध्याकाळी त्यांच्याकडून एक लिंक आली, सोबत एक ओळ. उघडली तर मी ‘पिकलेला बीजाणुपुंज’ अशी खूण लावलेला ठिपका मधोमध. दाणे दिसत होते, आणि नीट बघितलं तर बरेचसे दाणे एका बाजूनं फाटलेले होते, आतून रिकामे. बीजाणुधानीभोवती जाड पेशींचं कडं असतं. वाळताना ते ताणलं जातं, धानी फाटते आणि मग झटक्यानं मिटताना बीजाणू बाहेर फेकले जातात. या ठिपक्यात ते होऊन गेलं होतं. खाली मॅडमनी लिहिलं होतं, “हा रिता झालाय. पिकलेला त्याच्या डावीकडचा.”

डावीकडे सरकवून बघितलं. दाणे गोल, भरलेले, एकमेकांना खेटून. खूण ८० पिक्सेल डावीकडे नेली, शीटवर दीड मिलिमीटरही नाही, आणि आधीच्या ठिपक्यावर दुसरी लावली, ‘बीजाणू उधळून गेलेला पुंज’. सातच्या आठ खुणा झाल्या.